काळ्या ग्लेझची काताकुची: चाकापासून भट्टीपर्यंत

काताकुची म्हणजे काठाला एकच उघडी तोटी असलेला खोलगट वाडगा. झाकण नाही, कान नाही. दोन्ही तळव्यांत धरायचा आणि ओतायचा. जपानी स्वयंपाकघरांत पिंपातली साके (तांदळाची दारू), सोया सॉस किंवा तेल लहान बाटलीत काढण्यासाठी ती पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. आज तिच्यातून साके थेट जेवणाच्या टेबलावर येते, काही घरांत तिच्यात चहा काढून सगळ्यांच्या पेल्यांत सारखा वाटतात, तर कुठे शिजवलेली भाजी वाढायलाही हेच भांडे घेतात.

चाकावर वाटी-वाडगा नीट निघू लागला आणि पुढे काय करावे असा प्रश्न असेल, त्या प्रत्येकाने काताकुची करून पाहावी. यात वाडगा तर येतोच, शिवाय तोटी येते, आणि काळे ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, वापरले तर ग्लेझची जाडी हातात ठेवण्याचे शिक्षणही होते. मात्र भांडे चांगले की वाईट हे शेवटी एकाच गोष्टीवर ठरते: ओतणे थांबवले की धार तुटते का, की एक थेंब तोटीखालून ओघळत पोटापर्यंत जातो. मातीपासून ग्लेझपर्यंतचा प्रत्येक निर्णय या थेंबाशी जोडलेला आहे आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या मी त्याच नजरेने लिहिल्या आहेत.

कोणते भांडे नजरेसमोर ठेवायचे

टोकियोच्या उत्तरेला तोचिगी प्रांतात माशिको नावाचे गाव आहे. ओत्सुका केइसाबुरो यांनी १८५३ मध्ये तिथे भट्टी लावली आणि माशिको हे शहराला घागरी, बरण्या, काताकुची पुरवणारे गाव झाले. रोजच्या वापराची, स्वस्त, जाड भांडी. त्यांचे ग्लेझ गावाजवळच्या दगडाची भुकटी करून बनायचे. ते भाजले की तांबूस तपकिरी होते, म्हणून त्याला पर्सिमनचे, म्हणजे काकीचे ग्लेझ म्हणतात. त्यातच लाकडाची राख मिसळली की काळे मिळते. हामादा शोजी १९२४ मध्ये इंग्लंडहून परतून इथेच काम करू लागले आणि याच साध्या साहित्याला त्यांनी जगभर मान मिळवून दिला. १९५५ मध्ये जपान सरकारने त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला.

दुसरे गाव दक्षिणेकडच्या ओइता प्रांतातले ओन्ता. १७०५ पासून तिथे भांडी होतात. डोंगरातल्या ओढ्याच्या पाण्यावर चालणारी लाकडी उखळे दिवसरात्र माती कुटतात. तिथल्या जुन्या-नव्या काताकुचींचे फोटो जरूर बघा: पोट भरीव, काठ जाड आणि तोटी आखूड. हौशी हातांना नेहमी लांब, नाजूक तोटी काढाविशी वाटते. ओन्ताची तोटी ओतायला किती कमी लांबी पुरते ते दाखवते.

या काळ्या ग्लेझचे मूळ चीनमध्ये आहे. सोंग काळात फुच्येन प्रांतातल्या च्येन भट्ट्यांत काळे चहाचे वाडगे होत. घुसळलेल्या चहाचा पांढरा फेस त्यावर उठून दिसे. जपानी झेन भिक्षूंनी ते मायदेशी नेले, तेनमोकु हे नाव रूढ झाले आणि आइची प्रांतातल्या सेतोच्या कुंभारांनी ते आपल्या भट्टीत उतरवले.

भारतातल्या स्टुडिओ पॉटरीचे धागेही याच परंपरेशी जुळतात. दिल्लीचे सरदार गुरचरण सिंग १९१९ मध्ये जपानला शिकायला गेले होते. पुढे १९७१ मध्ये पुद्दुचेरीत रे मीकर आणि जपानमध्ये शिकलेल्या डेबोरा स्मिथ यांनी गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. आज आपल्याकडे अनेक स्टुडिओंत स्टोनवेअरची, म्हणजे उच्च तापमानाला भाजून पक्की केलेली, भांडी होतात, त्यामागे या लोकांची मेहनत आहे.

माती आणि माप

स्टोनवेअरची माती घ्या, शक्य तर थोडे लोह असलेली, भाजल्यावर राखाडी-तपकिरी होणारी. काळे ग्लेझ अशा मातीवर जास्त खोल दिसते. गावच्या कुंभाराची लाल माती इथे चालणार नाही. ती कमी तापमानाची आहे, १,२८० अंशांना फुगेल किंवा बसेल आणि भट्टीची फरशी खराब करेल.

जपानमध्ये साके ‘गो’ या मापात मोजतात; एक गो म्हणजे सुमारे १८० मिली. दोन गोंची, म्हणजे ३६० मिलीची काताकुची हाताला बरोबर बसते. पण माती आकसते. लांबीत १२ टक्के आकसणारी माती असेल तर आकारमान मूळच्या ६८ टक्केच उरते. म्हणजे ओल्या भांड्यात तोटीच्या पातळीपर्यंत साधारण ५३० मिली मावायला हवे. त्यासाठी आतून १३ सेंमी रुंद आणि ९ सेंमी खोल वाडगा काढा. ६५० ग्रॅम माती वाडग्याला आणि १५० ग्रॅम तोटीला पुरते. तुमच्या मातीचे आकसणे वेगळे असेल तर १० सेंमीची रेघ मारलेली पट्टी भाजून आधी मोजून घ्या.

माती मळण्यात घाई नको. हवेचा बुडबुडा तोटीच्या जोडाजवळ आला तर तिथेच तडा जातो. जपानी पद्धतीत गोळा फिरवत फिरवत मळतात, त्याला किकुनेरी म्हणतात. ती जमत नसेल तर तारेने कापून, आपटून, पुन्हा मळण्याची पद्धतही तितकीच चांगली.

चाकावर

गोळा मधोमध आणा, उघडा आणि तळ बोटांनी मधून काठाकडे आणि काठाकडून मधे असा दाबून घट्ट करा. हे टाळले तर वाळताना तळाला इंग्रजी ‘एस’ आकाराचा तडा जातो. तळ १० मिमी जाड ठेवा, कारण पुढे त्यातूनच बैठकीची कडी कोरायची आहे.

भिंत ४ ते ५ मिमी. आतला आकार एका सलग वळणाचा हवा. तळ आणि भिंत जिथे मिळतात तिथे कोपरा राहिला तर ओतताना द्रव तिथे अडतो आणि धार गचके खात येते. लवचीक पट्टी आतून एकदा खालून वर फिरवली की वळण सलग होते. जपानी कुंभार रुंदी-खोली मोजायला तोंबो नावाची बांबूची काडी वापरतात: उभी काडी आणि तिच्यात आडवी खोचलेली दुसरी. दोन चहाच्या काड्या आणि दोरा यांतूनही ती बनते. एकापेक्षा जास्त काताकुची करायच्या असतील तर ती कराच.

काठ इथे वाडग्यापेक्षा जाड ठेवा, ६ मिमीच्या आसपास, आणि ओल्या चामड्याच्या पट्टीने दाबून गोलसर करा. काठाचा एक तुकडा आपण कापणार आहोत. बारीक काठ कापला की दोन्ही टोके वाळताना बाहेर फाकतात.

चाकावरच, त्याच बैठकीत, उरलेल्या मातीचा उलट्या शंकूसारखा पेला काढा: वर ७ सेंमी रुंद, खाली ३ सेंमी, उंची ६ सेंमी, भिंत ३ ते ४ मिमी. त्याची ही रुंद बाजू पोटाला लागेल आणि अरुंद बाजू तोटीचे टोक होईल. उभा चिरला की दोन तोट्या मिळतात, म्हणजे एक हाताशी राखीव राहते.

बैठक आणि तोटी

वाडगा लेदर हार्ड झाला, म्हणजे बोट दाबले तर ठसा उमटत नाही पण नखाने ओरखडा सहज निघतो, की तो उलटा ठेवून बैठक कोरा. कडीचा व्यास ६ सेंमी, उंची ६ ते ८ मिमी. उंच कडी ठेवण्याचे कारण ग्लेझ आहे. हे ग्लेझ वितळून खाली सरकते आणि त्याला थांबायला जागा लागते.

आता तोटी. पेला उभा चिरा, एक अर्धा हातात घ्या आणि त्याची रुंद बाजू वाडग्याच्या काठाजवळ लावून बघा. ती पोटाच्या गोलाईला बसेल अशी थोडी थोडी तासत जा. टोक किती उंच ठेवायचे हा पहिला प्रश्न. टोक काठापेक्षा खाली राहिले तर भांडे टोकाच्या उंचीपर्यंतच भरता येते. काठापर्यंत पोचण्याआधीच तोटीतून सांडते. टोक काठाच्या बरोबरीने किंवा २ ते ३ मिमी वर ठेवा आणि तोटीचा तळ पोटाकडे सलग उतरता जाऊ द्या.

जागा ठरली की तोटी धरून सुईने बाहेरची रेघ मारा, तोटी बाजूला ठेवा आणि रेघेच्या ५ मिमी आतून भिंत कापा. कापताना दोन पर्याय असतात. काठ अखंड ठेवून त्याखाली भोक पाडायचे, किंवा काठासकट खाच काढायची. पहिल्यात काठाचा गोल वाळताना वाकडा होत नाही. पण भोक लहान झाले तर जाड द्रव अडतो आणि आतून धुणे कठीण जाते. पहिल्या भांड्यांसाठी मी खाचेची शिफारस करतो: जोड आतून-बाहेरून दिसतो, बोट पोचते.

दोन्ही कडा काट्याने खरवडा, त्याच मातीची दाट स्लिप (पाण्यात कालवलेली माती) लावा, तोटी दाबून बसवा आणि किंचित डावी-उजवी हलवा, म्हणजे स्लिप सगळीकडे पोचते. मग मातीची बारीक वळी जोडावर आतून ठेवा आणि लाकडी हत्याराने पुसून सपाट करा. आतल्या जोडावर उंचवटा राहू देऊ नका. तिथे प्रवाह फुटतो आणि धार दोन बाजूंना पसरते. डोळे मिटून बोट वाडग्याच्या तळापासून तोटीच्या टोकापर्यंत फिरवा; कुठेही अडखळायला नको.

तोटीचा आकार वरून बघताना गळ्याशी रुंद आणि टोकाकडे निमुळता हवा. अरुंद होत जाणाऱ्या वाटेत द्रवाचा वेग वाढतो आणि वेगवान धार टोकावरून सरळ सुटते. सावकाश आलेली धार भांड्याला चिकटून खालच्या बाजूला वळते. द्रवाची मातीशी असलेली चिकटण्याची ओढ त्याच्या वेगावर मात करते, म्हणून ओतणे थांबवतानाचा शेवटचा थेंबच नेमका ओघळतो, कारण तेव्हा वेग संपलेला असतो.

त्यावर उपाय टोकाच्या खालच्या कडेत आहे. धारदार सुरीने टोक तिरके कापा, असे की वरची बाजू थोडी मागे आणि खालची कड पुढे, चोचीसारखी निघेल. मग तोटीच्या खालून, टोकाच्या लगेच मागे, माती थोडी तासून खोलगट करा. आता थेंबाला वळून मागे जायचे तर त्या तीक्ष्ण कडेवरून फिरून वर चढावे लागेल, आणि ते त्याला जमत नाही. सवयीने सगळ्या कडा ओल्या स्पंजाने गोल करायचा मोह होईल. काठ करा, तोटीच्या बाजू करा, पण ही एक कड सोडा.

चाकावर काढलेल्या मातीला पिळाची आठवण राहते; भाजल्यावर तोटीचे टोक किंचित एका बाजूला वळू शकते. पहिल्या भांड्यावर ते कोणत्या दिशेला वळले ते टिपून ठेवा आणि पुढच्या वेळी टोक तितकेच विरुद्ध बाजूला झुकवून कापा.

वाळवणे आणि पहिली भाजणी

तोटी पातळ म्हणून आधी वाळते, पोट मागे राहते आणि दोघांच्या ओढाताणीत जोड फाटतो. पहिले दोन दिवस तोटीवर प्लॅस्टिक गुंडाळा, पोट उघडे ठेवा. विदर्भातल्या किंवा पुण्यातल्या उन्हाळ्यात संपूर्ण भांडेच सैल झाका. कोकणात पावसाळ्यात उलट अडचण येते: वरून कोरडे दिसणारे भांडे आतून ओले असते. गालाला लावून पाहा. गार लागले तर ओल आहे.

पहिली भाजणी ९५० ते १,००० अंश सेल्सिअसला. १२० अंशांपर्यंत अगदी सावकाश, म्हणजे उरलेले पाणी वाफ होऊन भांडे फोडणार नाही. ५७३ अंशांच्या आसपास क्वार्ट्‌झचे स्फटिक अचानक प्रसरण पावतात, तिथेही चढताना-उतरताना घाई करू नका.

ही पहिली भाजणी, म्हणजे बिस्क, झाल्यावर तोटीची कड तपासा. बोथट वाटली तर ओल्या पॉलिश पेपरने घासून तीक्ष्ण करता येते. कोरडे घासू नका. मातीच्या धुळीतला सिलिका फुप्फुसात साचतो आणि त्याने झालेला सिलिकोसिस बरा होत नाही. ग्लेझची भुकटी वजन करतानाही एन-९५ मास्क लावा, आणि सांडलेली भुकटी झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसा.

काळे ग्लेझ

स्टोनवेअरचे एक जुने, लक्षात ठेवायला सोपे प्रमाण आहे: ४-३-२-१. पोटॅश फेल्डस्पार ४०० ग्रॅम, क्वार्ट्‌झ ३००, व्हाइटिंग म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट २००, चिनी माती १००. यात रेड आयर्न ऑक्साइड ८० ते १०० ग्रॅम मिसळले की तेनमोकु. लोह ८ टक्क्यांजवळ असेल तर काळेभोर. १० च्या पुढे गेले की थंड होताना लोह पृष्ठभागावर स्फटिक बनून येते आणि रंग तांबूसकडे, माशिकोच्या काकीकडे झुकतो. रेड आयर्न ऑक्साइड सिरॅमिकचेच घ्या. फरशीला रंग द्यायला हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या लाल पुडीत काय मिसळले आहे याचा भरवसा नसतो.

भुकटी पाण्यात टाका, पाणी भुकटीवर ओतू नका, नाहीतर गाठी होतात. एवढ्या मिश्रणाला सुमारे एक लिटर पाणी लागेल. रात्रभर भिजू द्या, ढवळा आणि ८० मेशच्या चाळणीतून दोनदा गाळा. लोह तळाशी बसते, म्हणून दरवेळी बुडवण्याआधी तळापासून ढवळा. दाटपणा सायीसकट दुधासारखा हवा. वजनाने मोजायचे तर १०० मिली ग्लेझ १४५ ग्रॅमच्या आसपास भरले पाहिजे.

फेल्डस्पार खाणीगणिक बदलतो. पुस्तकातले प्रमाण तुमच्या पोत्यातल्या मालाला तंतोतंत लागू पडेलच असे नाही. उभ्या चाचणी-पट्ट्यांवर एक, दोन आणि तीन थर लावून भाजा आणि मगच भांड्याला हात लावा.

तुमची इलेक्ट्रिक भट्टी १,२२० ते १,२४० अंशांपर्यंतच जात असेल तर हे ग्लेझ नीट वितळणार नाही. अशा वेळी बोरॉन असलेले, कोन ६ चे काळे ग्लेझ घ्या (कोन म्हणजे भट्टीत ठेवायचा, ठरावीक उष्णतेला वाकणारा शंकू; त्याच्या क्रमांकावरून भाजणी मोजतात). घडवण्याच्या बाकी सगळ्या पायऱ्या तशाच राहतात.

ग्लेझ चढवणे

तेनमोकुचे सौंदर्य जाडीच्या फरकात आहे. जाड थर काळा होतो, आणि काठ, कड, चाकाच्या बोटांच्या रेघा अशा ठिकाणी वितळलेले ग्लेझ सरकून पातळ झाले की तिथे गंजासारखा तपकिरी रंग उजळतो. म्हणून कडा मुळातच नेमक्या घडवलेल्या भांड्यावर ते खुलते.

बिस्क भांडे ओल्या स्पंजाने पुसा, बैठकीवर आणि तिच्या वर ६ ते ८ मिमी मेण लावा. आत ग्लेझ अर्ध्यापर्यंत ओता, फिरवा आणि तोटीतूनच बाहेर काढा. भांडे ओतते कसे हे इथेच पहिल्यांदा कळते. ओतून झाल्याबरोबर मनगटाला झटका द्या, नाहीतर तोटीच्या तळाशी जाड पट्टा आणि टोकाला थेंब साचतो.

बाहेरच्या बाजूला बुडवणे सोपे वाटते, पण काताकुचीला ते जमत नाही. साधा वाडगा उलटा बुडवला की आत हवा अडकते आणि आतला थर वाचतो. इथे खाचेतून हवा निसटते आणि खाचेच्या उंचीपर्यंत आत दुसरा थर चढतो. भाजताना नेमका तोच ओघळतो. त्यापेक्षा पसरट भांड्यावर दोन पट्ट्या ठेवून काताकुची त्यांवर उलटी ठेवा आणि मगाने बाहेरून ग्लेझ ओता, एका फेरीत, न थांबता. जपानी कुंभार पळीने असेच ओततात. जिथे दोन धारा एकमेकांवर येतात तिथे जाड पट्टा उमटतो आणि तो भाजल्यावर सुंदर दिसतो. तो लपवू नका.

सुकल्यावर सुईने थर टोचून बघा: १ ते दीड मिमी हवा. शेवटी तोटीच्या खालच्या कडेवरून ओला स्पंज एकदा फिरवा. तिथे पातळ थर राहिला तर भाजल्यावरही कड तीक्ष्ण राहील आणि वर तपकिरी रेघ मिळेल. तिथे ग्लेझचा मणी राहिला तर आधीची सगळी सुरीची मेहनत वाया जाते, कारण काचेचा तो गोल मणी थेंबाला मागे वळायला वाट करून देतो.

मोठी भाजणी

कोन १० पर्यंत, म्हणजे चढण्याच्या वेगाप्रमाणे साधारण १,२८५ ते १,३०५ अंश. भट्टीच्या मीटरवर विसंबू नका, झडपेतून दिसेल असा कोन ठेवा. ग्लेझ वितळण्याला तापमानाइतकाच वेळही कारण असतो, आणि कोन वाकतो तो दोन्हींच्या हिशेबाने.

गॅसच्या भट्टीत ९०० अंशांनंतर हवा कमी करून हलके रिडक्शन द्या. त्यात लोहाचा ऑक्सिजन निघून जातो आणि लोह स्वतः ग्लेझ पातळ करणारे द्रव्य बनते, म्हणूनच ते सरकते. जोरदार धुराची गरज नाही. भट्टी उघड्या, हवेशीर जागीच हवी. रिडक्शनमध्ये कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो.

इलेक्ट्रिक भट्टीतही या ग्लेझला काळा रंग येतो, कारण १,२३० अंशांच्या वर लोह ऑक्साइड आपणहून ऑक्सिजन सोडू लागते. त्याचे बुडबुडे पृष्ठभागावर येतात, म्हणून वरच्या टप्प्यात सावकाश चढा आणि शेवटी १५ ते २० मिनिटे तापमान धरून ठेवा, म्हणजे फुटलेल्या बुडबुड्यांचे खड्डे भरून येतात. भांड्याखाली अॅल्युमिना (न वितळणारी पांढरी पूड) लावलेली बिस्कची चकती ठेवा. ग्लेझ ओघळलेच तर फरशी वाचते. चकाकी हवी असेल तर १,००० अंशांपर्यंत लवकर उतरा. सावकाश उतरलात तर पृष्ठभाग मंद आणि तपकिरी होतो. मला स्वतःला तो मंद प्रकार जास्त आवडतो, तांदळाच्या साकेला तो शोभतो. मात्र भट्टीचे दार १०० अंशांखाली गेल्याशिवाय उघडू नका.

भट्टी उघडल्यावर

बैठक ओल्या घासणीच्या दगडाने गुळगुळीत करा, नाहीतर टेबलावर ओरखडे पडतात. मग पाणी भरा आणि तीन प्रकारे ओता: जोरात, मध्यम आणि अगदी सावकाश. पहिल्या दोन परीक्षांत जवळपास प्रत्येक भांडे उत्तीर्ण होते. सावकाश ओतून अचानक सरळ करा आणि तोटीखाली बोट लावा. ओले लागले तर कड बघा. तिथे ग्लेझचा मणी असेल तर डायमंड फाइलने पाणी लावत घासता येतो. कड स्वच्छ असूनही ओघळत असेल तर तोटी फार आडवी आहे. पुढच्या भांड्यात ती जास्त उभी बसवा.

सगळे भांडे तपकिरीच आले तर थर पातळ होता किंवा लोह जास्त झाले. काठाजवळ ग्लेझ गोळा होऊन माती उघडी पडली तर बिस्कवर धूळ किंवा हाताचे तेल होते. पायथ्याशी जाड गळवे लोंबत असतील तर एक कोन कमी भाजा किंवा खालच्या तिसऱ्या भागात थर पातळ ठेवा.

खाण्यापिण्याला वापरण्याआधी लिंबाची चकती ग्लेझवर २४ तास ठेवून बघा. चकतीखालचा रंग फिका किंवा खरखरीत झाला तर ग्लेझ अपुरे वितळले आहे आणि ते भांडे आंबट पदार्थांना देऊ नका. डाग पडला नाही तर साके, चहा, ताक, कोकमाचे सार काहीही चालेल. काळ्यावर ताकाची पांढरी धार फार सुरेख दिसते. गरम द्रव ओतण्याआधी भांडे कोमट पाण्याने धुवून घ्या, आणि धुतल्यावर उलटे ठेवताना तोटीचे टोक ओट्याला टेकणार नाही असे आडव्या कापडावर ठेवा. तोटीची कपची उडते ती बहुतेक वेळा तिथेच.